दूरस्थ गुणात्मक संशोधन : छत्तीसगडचा अनुभव

किती जणांनी काय उत्तर दिले यापेक्षा माणसे आपल्या अनुभवाचा अर्थ कसा लावतात, याचा शोध गुणात्मक संशोधन घेते. त्यामुळे सखोल मुलाखत व सहभागी निरीक्षण ही त्याची प्रमुख साधने मानली गेली. मार्च 2020 मधील टाळेबंदीने संशोधकाची गावाकडील वाट बंद केली आणि व्हिडिओ मुलाखती, व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेश, ॲपमध्ये ठेवलेली छायाचित्रांची दैनंदिनी यांचा वापर वाढला. प्रवासखर्च वाचतो, रायपुरात बसून बस्तरमधील व्यक्तीशी बोलता येते, उत्तरदाता सवडीने उत्तर देतो. हे सर्व खरे. परंतु फोन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्याआधीचा होय.

छत्तीसगडमध्ये हा प्रश्न स्मार्टफोनच्या प्रसारापूर्वीच पुढे आला होता. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या ध्वनिसेवेत साध्या फोनवरून आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करता येत असे. हा उपक्रम नागरी पत्रकारितेचा, संशोधनाचा नव्हे. तरीही लिहिता न येणारी व्यक्ती स्वतःच्या भाषेत उत्तम निवेदन करू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. 2011 च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे 30 लाख आहे. आपल्या गडचिरोलीतही ही भाषा बोलली जाते. मात्र ध्वनीचे आपोआप मजकुरात रूपांतर करणारी साधने प्रामुख्याने मोठ्या भाषांसाठी तयार झाली. गोंडी मुलाखत आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत गेली की आशयाची गळती दोनदा होते. मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवण्याचे कारण हेच.

2018 मध्ये राज्य शासनाने ‘संचार क्रांती योजना’ सुरू करून प्रामुख्याने महिलांना मोफत स्मार्टफोन दिले. त्या वर्षाअखेरच्या सत्तांतरानंतर ती थांबली. या फोनधारक ग्रामीण महिलांसाठी रायपूर परिसरात संशोधकांनी ‘मोर आवाज’ म्हणजे ‘माझा आवाज’ हा फोन-उपक्रमही राबविला. तथापि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) स्वतः वापरत असलेला मोबाइल असणाऱ्या महिलांचे प्रमाण देशात 54 टक्के, तर छत्तीसगडमध्ये सुमारे 41 टक्केच आढळले. म्हणजे केवळ ॲपवर आधारलेला अभ्यास अनेक स्त्रियांना प्रारंभीच वगळतो.

फोन घरातील सामाईक असेल तर अडचण अधिक सूक्ष्म असते. ध्वनिसंदेश पाठविणारी स्त्री एकटी आहे की सासू शेजारी बसली आहे, हे संशोधकास दिसत नाही. पतीविषयीचा संदेश फोनमध्ये राहिला, तर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. म्हणून ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ या साध्या प्रश्नाने सुरुवात करावी. संमतिपत्र केवळ पडद्यावर न दाखविता तिच्या भाषेत वाचून दाखवावे आणि फोन क्रमांक उत्तरांपासून वेगळा ठेवावा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये संशोधनासाठी सशर्त सवलत आहे. तिचा अर्थ ही काळजी टळते असा नाही. छायाचित्रासोबत स्थळाची नोंदही जाते, हे तर संशोधकही विसरतात.

दैनंदिनीत उत्तर न आलेल्या दिवसांचीही नोंद ठेवावी. रिचार्ज संपले होते, फोन मुलगा घेऊन गेला होता, की प्रश्नच नकोसा वाटला, हे पुढच्या संभाषणात विचारता येते.