इंग्रजीतला 'गो' आणि आपलं जाणं-येणं



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे-खत सोडून इंग्रजीचा धडा का द्यावा, असे कुणी विचारील. तर तो शेतीसाठीच. को ८६०३२ ही जात कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तयार झाली. तिकडे सहलीला गेलं की मराठी चालत नाही, हिंदीही फारशी नाही. मोडक्या इंग्रजीवरच निभवावं लागतं. म्हणून आज एकच क्रियापद घेऊ.

'गो' म्हणजे जाणे. त्याचा भूतकाळ 'वेंट'. पोरं म्हणतात, हे कुठून आलं? पण आपण तरी 'जा'चं 'जाला' कुठं करतो? 'गेला'च म्हणतो. तिसरं रूप 'गॉन'. तो किंवा ती जात असेल तर 'गोज'.

मराठीत 'मी जातो' एवढ्यावर भागतं, इंग्रजीत नाही. रोजचं जाणं असेल तर 'आय गो टू द फील्ड एव्हरी डे'. उद्या मांजरीला जायचं ठरलं असेल तर 'आय ॲम गोइंग टू मांजरी टुमारो'. गावाच्या नावाआधी 'टू' हवा. घरी जाताना मात्र नको, नुसतं 'गो होम'.

आता कामाचं बघा. सीमेपलीकडच्या कन्नड शेतकऱ्याकडून बेणं मागवलंय. फोनवर तो म्हणाला, 'द ट्रक इज गोइंग नाऊ', तर ट्रक निघतोय. 'द ट्रक हॅज गॉन' म्हणाला, तर निघून गेलाय. किती वाजता, हे विचारायलाच हवं, कारण तोडलेलं बेणं पडून राहिलं की डोळे वाळतात आणि उगवण मार खाते. विचारताना 'व्हेन डिड इट गो?' म्हणा. इथं पुष्कळजण 'डिड इट वेंट' म्हणतात, ते चूक. 'डिड'मध्ये भूतकाळ आलाच, पुन्हा 'वेंट' कशाला? उत्तरात मात्र 'इट वेंट ॲट सिक्स' असंच येईल.

'गॉन' आणि 'बीन' यांतही गफलत होते. 'ही हॅज गॉन टू पुणे' म्हणजे गेलाय, अजून आलेला नाही. 'ही हॅज बीन टू पुणे' म्हणजे जाऊन आलाय.

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. ते इंग्रजीत नेऊ नका. कोइमतूरच्या यजमानाला निरोप घेताना 'आय ॲम कमिंग' म्हणालात, तर तो बिचारा दारात तुमची वाट बघत उभा राहील. तिथं सरळ 'आय ॲम गोइंग' म्हणावं, त्यात अशुभ काही नाही.

जाता जाता, साखरेच्या गोडाऊनचा या 'गो'शी संबंध नाही. तो शब्द मलय भाषेतल्या 'गुदांग'वरून आला.

सरावाला तीन वाक्यं देतो. मुलांना विचारून लिहा : ट्रॅक्टर कारखान्यावर गेलाय. तू काल कुठे गेलास? आई रोज मळ्यात जाते.