बैल रंगवायचा तर अमावास्येची वाट पाहू नका

लोधीखेड्यात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एखादा तरी बैल पोराला रडवतोच. कुणाच्या बैलाची लाल झूल नव्या सदऱ्यावर उमटलेली असते, कुणाच्या शिंगाचा रंग मुठीत आलेला असतो. रात्री उशिरा रंगवलेला बैल सकाळी अजून चिकट असतो. तशातच घरातली माय त्याच्या कपाळी ओलं कुंकू लावते आणि तिचं बोट तिथं कायमचं उमटून राहतं. मी काही चितारी नाही. पण दर श्रावणात आळीतली पोरं कोरे लाकडी बैल घेऊन ओसरीवर येतात, "काकाजी, माहा बैल पांढरा करून द्या" म्हणतात. असे बैल रंगवता रंगवता आणि दुसऱ्यांचे बिघडलेले दुरुस्त करता करता जे हाती लागलं, ते इथं सांगतो.

ज्यांच्याकडे हा सण नाही त्यांच्यासाठी थोडं. श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. चाकांवरचा लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं घरोघरी जातात, बैलाची पूजा होते आणि हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, पडतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी हा सण सुरू केला असं मानतात. त्याच दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. आणि त्याच दिवशी आमच्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, होते. 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या सौंसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा जिल्हा झाला, आमचं लोधीखेडा त्यातच. शाळेची पुस्तकं इथं हिंदी, पण पोळा अजून मराठीतच बोलतो.

आता बैलाकडे वळू. हल्ली बाजारात रंगवलेले, चमकणारे बैल मिळतात, पण कोरा बैल घेऊन घरी रंगवण्याची गोडी वेगळी. नागपूरच्या चितार ओळीत जा किंवा आपल्या गावच्या सुताराकडे जा, घेताना रंगाचा विचार नंतर करा, आधी लाकूड पाहा. पोळा येतो भर पावसाळ्यात आणि मागणी वाढली की ओल्या लाकडाचेही बैल विकायला येतात. आकाराच्या मानानं बैल जड वाटला, गालाला लावून पाहिला तर गार लागला, तर समजा की आत ओल आहे. असा बैल लगेच रंगवला की दिवाळीपर्यंत लाकूड आवळतं आणि पायांच्या सांध्यांवर रंगाला चिरा पडतात. घरात वारा खेळतो अशा जागी सावलीत तो काही दिवस नुसता ठेवून द्या. उन्हात किंवा चुलीजवळ नको. एका पोराच्या बापानं घाईपायी बैल चुलीच्या वैलावर वाळत ठेवला होता. वशिंडापासून पोटापर्यंत उभी भेग गेली. लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून ती आम्ही बुजवली, पण ओळखू यायची ती आलीच.

नवशिक्यांचा खरा कंटाळा पॉलिश पेपरशी. पोरांना रंगाची डबी उघडायची घाई असते आणि घासण्याचं काम नको असतं. पण रंग लाकडावरचा ओरखडा झाकत नाही, उलट ठळक करतो. आधी 120 नंबरचा पेपर, मग 220 चा. दोन्ही लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, आडवे कधीही नाहीत. शिंगांच्या बुडाशी आणि दोन पायांच्या मधे बोट पोचत नाही, तिथं पेपर काडीला गुंडाळून फिरवा. हे झालं की एक गोष्ट करा, जी फार थोडे करतात: ओल्या फडक्यानं बैल एकदा पुसा. पाणी लागलं की दबलेले तंतू उभे राहतात आणि गुळगुळीत वाटलेला बैल खरखरीत होतो. तो वाळू द्या आणि 220 नं हलकेच पुन्हा घासा. हे आता नाही केलं तर तेच तंतू पहिल्या रंगाच्या हातानंतर उभे राहतील, आणि मग रंगासकट घासावं लागेल. सागवानी बैल असेल तर त्या लाकडात मुळातच तेल असतं. थिनरच्या फडक्यानं एकदा पुसून घेतलेला बरा. थिनर मोठ्यांनी हाताळायचा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून.

मग अस्तर. घर रंगवून उरलेली भिंतीची पुट्टी बैलाला फासण्याची आमच्याकडे भारी हौस. पहिल्या दिवशी बैल संगमरवरी दिसतो हे खरं. पण भिंत हलत नाही आणि बैल गल्लीभर गोट्यांवरून खडखडत जातो. अशा एका बैलाच्या गुडघ्यांवरचे पोपडे शाळेच्या फाटकापर्यंत सांडत गेलेले मी पाहिले आहेत. लाकडाचं प्रायमर वेगळं मिळतं, तेच घ्या आणि पातळ लावा. पायांच्या तळाशी, कानांच्या टोकांशी, जिथं लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथं ते घटाघटा पितं. तेवढ्या जागी दुसरा हात द्या. अस्तर लावताना चाकांचे आस वगळा. रंगानं आस जाम झाला की बैल ओढायचा नसून घसटायचा होतो. चाकं निघत असतील तर काढूनच ठेवा आणि त्यांच्या भोकांत काड्या खोचून बैल धरा. हात अंगाला न लावता तो चारी बाजूंनी फिरवता येतो.

रंग कोणता, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. दप्तरातले पोस्टर रंग घरात छान दिसतात, पण पोळ्याच्या दिवशी बहुधा सर येतेच आणि पाणी लागलं की तो रंग निघतो. सदऱ्यावरची लाल झूल ती हीच. गेट-खिडक्यांचा तैलरंग टिकाऊ खरा, पण डब्यावर छापलेले वाळण्याचे तास कोरड्या हवेचे असतात. पावसाळ्यात ते धरून चालू नका. वरून तो वाळल्यासारखा वाटतो आणि आत ओला राहतो. नवशिक्यानं ॲक्रिलिक घ्यावा. पाण्यात कालवता येतो, थोड्या वेळात हाताला लागेनासा होतो आणि वाळल्यावर पाण्यानं जात नाही. दोन्ही जातींचे रंग घरात असतील तर एवढं ध्यानात ठेवा: वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, ओलसर तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही, पापुद्रे सुटतात.

घट्ट रंगाचा एक जाड हात देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. तसं केलं की रंग पोटाखाली ओघळतो, तिथं थेंब साचतात आणि वशिंडावर ब्रशाच्या रेघा राहतात. दुधासारखा पातळ रंग करून दोन-तीन हात द्या. पहिल्या हातानंतर बैल डागाळलेला, केविलवाणा दिसेल. दिसू द्या.

आता माझ्या आवडीचा भाग. सगळी पोरं बैल पांढराशुभ्र मागतात आणि डबीतला पांढरा जसाच्या तसा फासला की बैल चुन्यात बुडवल्यासारखा दिसतो. आपल्या भागातला गवळाऊ बैल नीट पाहा. वर्धा-नागपूरकडून छिंदवाडा-सिवनी-बालाघाटापर्यंत हीच जात. गाय पांढरी असते, पण बैल मानेवर, वशिंडावर आणि मागच्या पुठ्ठ्यांवर करडा असतो. तोंड लांबट आणि अरुंद, डोळे बदामासारखे आणि जरा तिरपे, शिंगं आखूड, बोथट, किंचित मागे वळलेली. वशिंड एका बाजूला कललेलं. सुतारानं एवढं घडवलं नसेल तरी रंगानं बरंच आणता येतं. पांढऱ्यात काळ्याचा थेंब आणि कणभर मातकट रंग घालून करडा बनवा. नुसता काळा घातला तर निळसर, सिमेंटसारखा होतो. मानेवर पांढरा ओला असतानाच हा करडा लावा आणि जिथं दोन्ही भेटतात तिथं स्वच्छ ओलसर ब्रशानं पुसत न्या, म्हणजे कड राहत नाही. ॲक्रिलिक लवकर वाळतो, म्हणून एका वेळी एकच बाजू घ्या. नाकपुड्या, खूर, शेपटीचा गोंडा आणि डोळ्यांभोवतीची कड काळी. एवढ्यानं बैल जिवंत होतो. बेगड आणि मणी नंतरचे.

माझा भाचा पुण्यात शिकतो. त्यानं मागच्या सुट्टीत राळेचा एक कोरा ड्रॅगन आणला होता, तळहाताएवढा, पंख पसरलेला, अंगभर खवले. आमच्या पोरांनी त्याला घेरावच घातला. त्या ड्रॅगनला आधी भांड्यांच्या साबणानं धुवावं लागलं, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर राहिला तर रंग धरत नाही. पुढचं सगळं आपल्या बैलासारखंच: अस्तर, पातळ हात, वाळण्याची वाट. पण एक युक्ती त्याच्याकडून घेण्यासारखी निघाली. गडद पातळ रंग अंगभर सोडायचा, तो खवल्यांच्या फटींत साचतो. तो वाळला की ब्रशावर फिकट रंग घेऊन कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि खवल्यांवरून हलकेच फिरवायचा. फक्त उंचवटे उजळतात. हीच गोष्ट बैलाच्या गळ्याखालच्या पोळीच्या वळ्यांवर आणि कोरलेल्या झुलीवर करून पाहा. सपाट बैलावर मात्र नको; तिथं नुसती धूळ बसल्यासारखी दिसते.

शिंगांवरचे पट्टे सरळ येत नाहीत म्हणून पोरं रडकुंडीला येतात. हात टेबलावर टेकवून ब्रश स्थिर धरा आणि बैल फिरवा. सोनेरी रंगाचं तर लोधीखेडकरांना वेगळं सांगायला नको. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आपल्या गावाचं नाव इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही नोंदलेलं आहे, आणि दुकानातली सुटी सोनेरी पूड म्हणजे बहुतेकदा तांबं-जस्ताची, म्हणजे पितळेचीच भुकटी. दमट हवेत पितळ काळवंडतं तशी तीही काळवंडते. ती वापरायची तर वर वार्निश हवंच. नाहीतर अभ्रकाचा ॲक्रिलिक सोनेरी घ्या, तो काळा पडत नाही.

डोळे सगळ्यात शेवटी, आणि दिवसाउजेडी. गणपतीचे मूर्तिकार आखणीला हात घालतात तेव्हा कुणाशी बोलत नाहीत, ते उगाच नाही. दोन्ही डोळे आधी पेन्सिलीनं काढा आणि बैल समोरून, डोळ्यांच्या उंचीला धरून पाहा. बाजूनं बरोबर वाटलेले डोळे समोरून एक वर, एक खाली निघतात. बुबुळासाठी ब्रशापेक्षा आगपेटीच्या काडीचं उलटं टोक बरं. मग चमकेचा पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला. डाव्यात डाव्या कडेला आणि उजव्यात उजव्या कडेला दिला की बैल तिरळा होतो, आणि पोरं ते कधीच विसरत नाहीत.

वार्निशशिवाय बैल बाहेर काढू नका. हळद-कुंकू नुसत्या रंगात मुरतं आणि धुऊन जात नाही. पण स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश पावसाळी हवेत पांढरट धुक्यासारखं उमटतं. इतकं राबून रंगवलेला बैल असा शेवटच्या हाताला फिका पडलेला पाहणं फार वाईट. पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश घ्या, ऊन पडलेली दुपार गाठा, दोन पातळ हात द्या, आणि पूजेच्या आधी निदान दोन रात्री मधे जाऊ द्या. म्हणजेच काम श्रावण लागताच सुरू करायला हवं. अमावास्येच्या संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्याला मी आता सरळ सांगतो की यंदा बैल कोराच पूजा, अंगावर झूल शिवून घाला, रंग पुढच्या वर्षी.

शेवटी जुन्या बैलांबद्दल, कारण घराघरांत माळ्यावर आजोबांचा बैल असतो आणि तो घासून नवा करावा असं सगळ्यांना वाटतं. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं हे आज पाहून कळत नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून जुन्या बैलाला कोरडा पॉलिश पेपर लावू नका, रंग खरवडू नका, आणि जाळून तर मुळीच काढू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि देव्हाऱ्याशेजारी पूजेला ठेवा. तोंडात घालायच्या वयाच्या पोराच्या हाती तो देऊ नका. त्याला ओढायला नवा कोरा बैल आणा, आणि रंग घेताना डब्यावर शिसं नसल्याची नोंद वाचून घ्या.