प्रवास सुरक्षित ठेवणारे हात : वाहतूक सुरक्षा क्षेत्रातील नोकरीच्या वाटा

रेल्वेच्या फलाटावर किंवा विमानतळाच्या प्रवेशद्वाराशी उभ्या असलेल्या गणवेशधारी माणसाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. काही अघटित घडले म्हणजेच त्याचे महत्त्व कळते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या जागेवरून हलले नाहीत. प्रवाशांनी मागील बाजूने बाहेर पडावे, अशी सूचना ते ध्वनिक्षेपकावरून पुनःपुन्हा देत राहिले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. तरीही त्या रात्री अनेकांचे प्राण वाचले. सावध चित्त, आपल्या कामाची पक्की माहिती आणि जागा न सोडण्याची वृत्ती हा वाहतूक सुरक्षेचा पाया आहे.

आपल्या शाळेच्या वसतिगृहात पहाटे उठणे, धावणे, हजेरीला वेळेवर उभे राहणे आणि आपला भाग स्वतः झाडणे हे सर्वांच्या अंगवळणी पडलेले असते. या क्षेत्राला लागणारी निम्मी शिस्त येथेच मिळते. परंतु आपल्या मुलांना ‘पोलीस भरती’ एवढा एकच शब्द ठाऊक असतो. इतर वाटांची माहिती होईपर्यंत वय निघून जाते. म्हणून विद्यार्थी व पालक यांच्यासाठी ही माहिती क्रमाने मांडत आहे.

रेल्वेची वाट

रेल्वेत दोन वेगवेगळी दले काम करतात आणि त्यांत नेहमी गल्लत होते. रेल्वे सुरक्षा दल हे केंद्राचे दल असून ते १९५७ च्या कायद्याने अस्तित्वात आले. १९८५ मध्ये त्याला संघराज्याच्या सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. रेल्वेची मालमत्ता, प्रवासी क्षेत्र आणि प्रवासी यांचे संरक्षण हे त्याचे काम. लोहमार्ग पोलीस मात्र राज्य पोलीस दलाचा भाग आहेत. गाडीत चोरी किंवा मारहाण झाली, तर गुन्हा त्यांच्याकडे नोंदवला जातो.

रेल्वे सुरक्षा दलात शिपाई पदासाठी दहावी उत्तीर्ण, तर उपनिरीक्षक पदासाठी पदवी आवश्यक असते. २०२४ च्या भरतीत लेखी परीक्षेत १२० प्रश्न आणि ९० मिनिटे होती. सामान्य ज्ञानाचे ५०, अंकगणिताचे ३५ व बुद्धिमत्तेचे ३५ प्रश्न होते, चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण वजा होत आणि मराठीतून परीक्षा देण्याची सोय होती. शिपाई पदाच्या पुरुष उमेदवाराला १६०० मीटर अंतर ५ मिनिटे ४५ सेकंदांत, तर महिला उमेदवाराला ८०० मीटर अंतर ३ मिनिटे ४० सेकंदांत पार करावे लागे. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे प्रारंभीचे मूळ वेतन २१,७०० रुपये व उपनिरीक्षकाचे ३५,४०० रुपये आहे, भत्ते वेगळे.

या दलाचे आणखी एक काम आपण जाणून घ्यावे. घर सोडून आलेली, चुकलेली मुले स्थानकांवर सापडली, की त्यांना सुरक्षित ठिकाणी पोहोचवण्याची मोहीम हे दल ‘नन्हे फरिश्ते’ या नावाने चालवते. घरापासून दूर राहून शिकलेल्या माणसाला फलाटावरच्या अशा मुलाची नजर लवकर ओळखू येईल.

विमानतळाची वाट

डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. आरंभ जयपूरपासून झाला. या दलातील शिपायांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या सामाईक परीक्षेतून होते. तिच्यासाठीही दहावी पुरते आणि ती मराठीतून देता येते. वयोमर्यादा १८ ते २३ वर्षे असून अनुसूचित जाती-जमातींना ५ व इतर मागासवर्गीयांना ३ वर्षांची सवलत आहे. पुरुषांना ५ किलोमीटर अंतर २४ मिनिटांत धावावे लागते.

गणवेशातील दलाखेरीज विमान कंपन्या व मालवाहतूक केंद्रे यांनाही सामान तपासणारे कर्मचारी लागतात. त्यांचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार होते. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मिश्र वस्तू हिरव्या दिसतात. त्या रंगांच्या गर्दीतून धोक्याची वस्तू ओळखायची असते. डोळा थकला की चूक होते, म्हणून एका माणसाला पडद्यासमोर सलग फार वेळ बसवत नाहीत. महिला प्रवाशांची अंगझडती महिलाच घेतात, त्यामुळे मुलींनाही येथे कायम मागणी असते. मात्र यांतील बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे.

राज्यातील वाट

लोहमार्ग पोलिसांची भरती राज्य पोलीस भरतीबरोबर होते. तिला बारावी लागते आणि शारीरिक चाचणीला ५० व लेखी परीक्षेला १०० गुण असतात. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान मुंबई मेट्रोसारख्या ठिकाणी नेमले जातात.

तयारी कशी करावी

पहिली गोष्ट, डोळे दहावीतच तपासून घ्यावेत. रंगांधळेपणा असल्यास केंद्रीय दलांत निवड होत नाही. हे वैद्यकीय तपासणीच्या दिवशी कळले, तर दोन-तीन वर्षांची मेहनत वाया जाते. सपाट तळवे व एकमेकांना लागणारे गुडघे यांचीही तपासणी आधीच करावी.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींनाही केंद्रातील सवलती लागू झाल्या. परंतु त्यासाठी केंद्राच्या विहित नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे चालेलच असे नाही. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि दाखला यांवरील नावे अक्षरशः जुळली पाहिजेत.

तिसरी गोष्ट म्हणजे पुढची पायरी. शिपाई म्हणून लागलेल्याने पदवी पूर्ण करावी. विभागीय परीक्षांतून वर चढता येते. पदवीधरांना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सशस्त्र दलांत साहाय्यक कमांडंट होता येते.

एक सावधगिरी

माझ्या बरोबरीच्या एका मुलाच्या वडिलांनी विमानतळावरील नोकरीसाठी शेत गहाण टाकून एका मध्यस्थाला पैसे दिले. शिक्का मारलेले नियुक्तिपत्र घरी आले, गावात पेढे वाटले गेले. मुलगा मुंबईला विमानतळाच्या दारापर्यंत गेला, तेव्हा ते पत्र बनावट असल्याचे कळले. लाजेने तो दोन वर्षे गावी फिरकला नाही. पैशापेक्षा मोठे नुकसान त्या दोन वर्षांचे झाले, कारण तेवढ्यात भरतीचे वय उलटले. पालकहो, सरकारी भरतीत अर्जाचे शुल्क सोडून कोणालाही पैसा द्यावा लागत नाही. २०२४ च्या रेल्वे सुरक्षा दलाच्या भरतीत अनुसूचित जाती-जमाती, महिला व अल्पसंख्याक उमेदवारांना २५० रुपये शुल्क होते आणि परीक्षेस बसल्यावर तेही परत मिळण्याची तरतूद होती. नोकरीचा शब्द देऊन जो पैसे मागतो, तो फसवतो, असेच समजावे.

ही नोकरी सोपी नाही. रात्रपाळी असते, बदल्या होतात, सणासुदीला घर दुरावते. तरी दरमहा निश्चित वेतन मिळते आणि कुटुंब उभे राहते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे या दलांत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे, दहावीच्या मुलांबरोबर मैदानावर धावावे आणि त्यांचे दाखले एकदा डोळ्यांखालून घालावेत. एवढ्यानेही एखाद्या घरची फसवणूक टळेल आणि एखाद्या मुलाचे वय वाया जाणार नाही.