नवरा ब्रॅम्प्टनला, फाईल आष्टीत

लग्नानंतर २०१८ साली मी व्हिजिटर व्हिसावर कॅनडात ब्रॅम्प्टनला गेले. नवरा पीआर, म्हणजे तिथला कायम रहिवासी होता, त्यानं माझी स्पॉन्सरशिपची फाईल तिथूनच 'इनलँड' टाकली. पुढं ती मागं घेऊन माहेरी आष्टीतून दुसरी, 'आऊटलँड' टाकावी लागली.

१. 'इनलँड' आणि 'आऊटलँड' ही नावं फसवी. कॅनडात राहूनही आऊटलँड अर्ज करता येतो, हे मला फार उशिरा कळलं. इनलँडला मात्र दोघांनी तिथं एकत्र राहावंच लागतं.

२. इनलँडची ओढ वर्क परमिटची. तेव्हा आऊटलँडवाल्यांना तो मिळत नसे; त्यांच्यातल्या कॅनडात राहणाऱ्यांना २०२३ पासून मिळू लागला. पण इनलँडमध्ये पाय बांधले जातात. मधेच देश सोडला आणि परत आत घेतलं नाही, तर अर्ज बुडाला. माझा व्हिसा संपलेला, राहायची मुदत तेवढी वाढवून घेतलेली. त्यात दादांना, माझ्या वडलांना, अटॅक आला, नगरला अ‍ॅडमिट केलं. रात्रभर आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून होतो. सकाळी तिकीट काढलं. आष्टीला तेव्हा रेल्वेही नव्हती. नगरहून एसटीनं घरी पोचले. त्या तिकिटाचा पस्तावा मला आजही नाही.

३. स्पॉन्सर पीआर असेल तर त्यानं कॅनडातच राहायला हवं. नागरिकाला बाहेरूनही स्पॉन्सर करता येतं, फक्त परतायचा इरादा दाखवावा लागतो. म्हणून आमचे हे आले ते सुट्टीपुरतेच.

४. गावाकडं विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत होते. दाखला हातात पडताच पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. माझ्या एका कागदावर आडनावात एक 'ए' जास्त होता. त्यापायी प्रतिज्ञापत्र, हेलपाटे आणि एक महिना.

५. नातं खरं असल्याचा पुरावा लागतो. आमच्या अल्बममध्ये सगळे मामा-मावश्या. आम्ही दोघंच असा फोटो शोधून सापडेना. मोठ्यांसमोर कोण जवळ उभं राहतंय! शेवटी कॉलच्या नोंदी आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडल्या.

६. नकार आला तर आऊटलँडला अपिलाचा हक्क आहे. इनलँडला तो नाही, थेट कोर्टाची परवानगी मागायची.

फाईलला लागणाऱ्या चारित्र्याच्या दाखल्याच्या चौकशीला पोलीस दारात आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, "पोरगी परत आली का काय?" दादा आतून ओरडले, "नांदायलाच चाललीय, सरकारची परवानगी यायचीय फक्त!"