डुकराची हाडे आणि मक्यातले कुलूप

मुलांनो, आपल्या आयोवात माणसे सुमारे ३२ लाख आणि डुकरे २ कोटींहून अधिक! इथे राहून डुकराबद्दल काहीच ठाऊक नसणे म्हणजे रत्नागिरीत राहून हापूस न ओळखण्यासारखे. आम्हीही तसेच होतो. मग लेकीने फोर-एचच्या उपक्रमात एक पिल्लू सांभाळायला घेतले. (पिल्लू ओळखीच्या शेतकरी काकांच्या शेडमध्ये होते, घरात नव्हे. आजीचे सारखे फोन येत होते म्हणून हा खुलासा.)

वाढत्या डुकराचे वजन दिवसाला पाऊण ते एक किलोने वाढते आणि तो सगळा भार चार आखूड पायांवर! शरीरातले ९६ ते ९९ टक्के कॅल्शियम आणि ६० ते ८० टक्के फॉस्फरस हाडांत असतो. फॉस्फरसला आपल्याकडचे शेतकरी स्फुरद म्हणतात. यांपैकी एकही कमी पडला तर मुडदूस होतो, म्हणजे सांधे सुजतात, पाय वाकतात, कधी हाडही मोडते.

आमचे पिल्लू ४० किलोंचे झाले आणि मागचा पाय जपून टाकू लागले. लेक रडवेली झाली. "दूध पी, हाडे घट्ट होतील" हे ऐकत आम्ही वाढलो. त्यामुळे खाद्यात चुनखडीची पूड आणखी वाढवावी असे आम्हाला वाटले. पशुवैद्यांनी मात्र आधी विचारले, "आत्ता किती घालता?" तेव्हा कबूल करावे लागले. जास्त झाली तर बरीच, म्हणून आम्ही मापाऐवजी शीग भरून घालत होतो!

घोटाळा तिथेच होता. कॅल्शियम फार झाले की आतड्यात ते फॉस्फरसला धरून बसते. दोघांचा न विरघळणारा साका होतो आणि शेणावाटे निघून जातो. म्हणून खाद्यात एक भाग फॉस्फरसला कॅल्शियम एक ते सव्वा भागच ठेवतात. ड जीवनसत्त्वही लागते, पण ते खाद्याच्या तयार मिश्रणात होतेच.

आता मक्याची गंमत. मक्यात फॉस्फरस असतो, पण त्यातला सुमारे दोन तृतीयांश फायटेट नावाच्या रेणूत अडकलेला असतो. आमच्या धंद्यातल्या भाषेत, फाइल डिस्कवर आहे पण पासवर्ड नाही. हे कुलूप फायटेज नावाचे विकर उघडते. गाय-म्हशीच्या पोटातले जंतू ते तयार करतात, डुकराच्या पोटात ते जवळजवळ नसते. तुमची आई मटकी भिजवून मोड आणते ना? तेव्हा त्या दाण्यात हेच विकर जागे होते.

पूर्वी यावर एकच उपाय होता, वरून फॉस्फेट घालायचे. न पचलेला फॉस्फरस शेणातून शेतात आणि पावसाबरोबर ओढ्या-नद्यांत जाई. तिथे शेवाळ माजे, मासे गुदमरत. नेदरलँड्समध्ये तर डुकरे फार आणि जमीन थोडी. तिथे १९९१ साली बुरशीपासून केलेले फायटेज बाजारात आले. आता ते जगभर खाद्यात चिमूटभर घालतात. शेवाळाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आमच्या काकांच्या खाद्यातही फायटेज होते, पण जादा चुनखडी त्याच्याही कामात आडवी येते. म्हणजे आम्ही किल्ली देऊन वर कुलपात माती कोंबत होतो!

माप सुधारले. काही आठवड्यांनी पिल्लू नीट चालू लागले. ऑगस्टच्या जत्रेत बक्षीस मिळाले नाही, पण रिंगणात ते न लंगडता फिरले.

आता वहीत हे गणित करून आणा. १०० किलो खाद्यातल्या मका आणि सोयापेंडीतून मिळून सुमारे ०.१ किलो कॅल्शियम मिळते. २५ ते ५० किलोंच्या डुकराच्या खाद्यात ते ०.६६ टक्के हवे. चुनखडीत ३८ टक्के कॅल्शियम असते. फॉस्फेट तूर्त विसरा. तर चुनखडी किती घालाल? आणि हो, शीग भरायची नाही.