मॉर्फिनच्या गोळीमागचा मेंदू

कर्करोग बळावलेल्या रुग्णांचं दुखणं आटोक्यात ठेवणं हे माझं काम. ते करताना मॉर्फिनबद्दल जे पटत गेलं, ते इथे मांडते.

१. गाठ हाडात असली, तरी मॉर्फिनचं मुख्य काम चालतं मेंदूत आणि मज्जारज्जूत. मध्यमेंदूत एका बारीक नळीभोवती करड्या पेशींचा भाग आहे. तिथून निघालेली वाट मेंदूच्या देठातून मज्जारज्जूत उतरते आणि वर येणारी वेदनेची वर्दी तिथेच अडवते. एरवी ही वाट काही पेशी दाबून धरतात. मॉर्फिन त्या पेशींना गप्प करतं. १९६९ साली संशोधक रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या याच भागाला विजेची उत्तेजना दिली आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. १९७५ मध्ये ॲबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच तयार करतो ती मॉर्फिनसारखी द्रव्यं ओळखली. घरच्यांना मी हे आवर्जून सांगते. आपण रुग्णाला विष देतोय, असं त्यांच्या मनात घर करून बसलेलं असतं.

२. "दुखतंय, पण जीव कासावीस होत नाही," असं रुग्ण म्हणाला, तर विश्वास ठेवा. दुखण्याची जागा कळणं आणि त्यापायी तळमळणं ही कामं मेंदूत बरीचशी वेगळ्या ठिकाणी होतात. तळमळीशी जोडलेल्या सिंग्युलेट नावाच्या भागावरही मॉर्फिनसारखी औषधं परिणाम करतात. म्हणून दहापैकी किती दुखतंय एवढंच विचारून मी थांबत नाही. रात्री झोप लागली का, चार घास गेले का, हेही विचारते.

३. शरीर औषधाला सरावतं. मॉर्फिन जिथे चिकटतं तो पेशीवरचा रिसेप्टर सतत उत्तेजित राहिला की त्याचा प्रतिसाद मंदावतो आणि पेशी आतून उलटा जोर लावू लागते. पण सगळ्या परिणामांना शरीर एका वेगानं सरावत नाही. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ हटत नाही. त्यामुळे मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायलाच हवं. यात हयगय झाली की रुग्ण मॉर्फिनच नको म्हणतो.

डोस वाढवावा लागला म्हणजे व्यसन लागलं, असं नव्हे. पुष्कळदा रोगच पुढे सरकलेला असतो, म्हणून आधी रुग्ण नीट तपासावा. क्वचित उलटंच घडतं: डोस वाढवावा तसं दुखणं पसरतं, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. तेव्हा औषधानंच मज्जासंस्था हळवी झालेली असू शकते. डोस उतरवणं किंवा औषध बदलणं हे मुख्य उपाय. बदलताना नव्या औषधाचा हिशेबानं येणारा डोस पाव ते निम्म्यानं कमी करून सुरुवात करतात, कारण एका औषधाला सरावलेलं शरीर दुसऱ्याला तितकं सरावलेलं नसतं. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली; मनानं गोळ्या एकदम बंद करणंही धोक्याचं.

४. औषधाच्या या सरावावर जागेचाही परिणाम होतो. १९८२ मध्ये सीगल आणि सहकाऱ्यांनी हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठा डोस दिला. ओळखीच्या खोलीपेक्षा अनोळखी खोलीत जवळपास दुप्पट उंदीर दगावले. सराव काही अंशी मेंदूनं शिकलेला असतो, तो असा.

५. धीर दिल्यानं दुखणं खरोखर कमी होतं. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, नुसत्या विश्वासानं मिळालेला आराम नॅलॉक्सोननं घालवला. मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं औषध तेच. तरीही फसवून पाण्याचं इंजेक्शन देणं मला मुळीच मान्य नाही. शेजारी बसून औषध कसं काम करतं ते समजावून सांगावं, त्यानंच पुष्कळ साधतं.

६. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. अफूची कायदेशीर शेती आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होते, तरी लहान गावातल्या रुग्णाला ही गोळी सहज मिळत नाही, याची मला चीड येते. घरात असा रुग्ण असेल, तर जवळच्या कोणत्या रुग्णालयात मॉर्फिन मिळतं, ते दुखणं असह्य होण्याआधीच विचारून ठेवा.