गिअरबॉक्समधले लाल तेल

मोटारीत तेल कशासाठी घालतात, असे विचारले तर कोणीही सांगेल, की घर्षण कमी व्हावे म्हणून. उत्तर बरोबर आहे. पण ते मोटारीतल्या सगळ्याच तेलांना पुरत नाही. ज्या गाडीत गिअर आपोआप बदलतात, तिच्या गिअरबॉक्समध्ये लाल रंगाचे एक पातळ तेल असते. त्याच्याकडून एकाच वेळी दोन उलट अपेक्षा असतात. दंतचक्रे आणि बेअरिंगे यांच्यात घर्षण होऊ नये. पण त्याच तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांमध्ये मात्र ते व्हावे, आणि तेही अगदी मोजके! शिवाय हे तेल पास्कलच्या नियमानुसार दाब पोहोचवते, इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेते आणि गिअरबॉक्सची उष्णता वाहून नेऊन रेडिएटरजवळ सोडते. एवढी कामे करणारे तेल चुकीचे निवडले तर काय होईल?

प्रश्न पुस्तकी नाही. अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या जीपगाड्या अजून पुष्कळ जण हौसेने वापरतात. त्यांचा गिअरबॉक्स बिघडला, तर दुरुस्तीचा खर्च कधी कधी सबंध गाडीच्या किमतीहून जास्त होतो आणि चालती गाडी भंगारात जाते. म्हणून आपण अशाच एका गाडीचे उदाहरण घेऊ: जीप चेरोकी, आणि तिच्यातला १९८७ ते २००१ या काळातील मॉडेलांचा चार गिअरांचा ‘एडब्ल्यू ४’ गिअरबॉक्स.

हा गिअरबॉक्स जपानच्या आयसिन-वॉर्नर कंपनीचा. तो निवडला तेव्हा जीप बनवणारी कंपनी होती अमेरिकन मोटर्स. १९८७ मध्ये ती क्रायस्लरने विकत घेतली. क्रायस्लरच्या स्वतःच्या गिअरबॉक्सना त्यांचे वेगळे तेल लागे, आज ते ‘एटीएफ+४’ नावाने मिळते. एडब्ल्यू ४ साठी मात्र जनरल मोटर्सने ठरवलेल्या ‘डेक्स्रॉन’ प्रतीचे तेल सांगितलेले होते. परिणामी ग्रँड चेरोकी या थोरल्या बहिणीच्या क्रायस्लर गिअरबॉक्सला एक तेल आणि चेरोकीला दुसरे! दोन्ही तेले लालच. त्यांत रंग मिसळतात तो गळती झाली तर इंजिनचे तेल कोणते आणि गिअरबॉक्सचे कोणते हे ओळखता यावे म्हणून. रंगावरून प्रत कळत नाही. गाडीवरचे नाव वाचून तेल आणणाऱ्याची फसगत होते ती इथेच. नाव वाचायचे ते गिअरबॉक्सचे.

आता दोन लाल तेलांत फरक तो कोणता? एक सोपा प्रयोग करा. लाकडी ठोकळ्याला ताणकाटा अडकवून तो टेबलावर हळूहळू ओढा. ठोकळा हलण्याच्या क्षणी काटा जास्त बल दाखवतो. सरकू लागल्यावर कमी. पहिले स्थितिक घर्षण, दुसरे गतिक. बहुतेक पदार्थांच्या जोड्यांत स्थितिक घर्षण अधिक असते, आणि त्यामुळेच फळ्यावर खडू उभा धरून ओढला की तो किंचाळतो: चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो.

गिअर बदलताना क्लचच्या चकत्या एकमेकींवर घासत घासत एका वेगाला येतात. वेगांतला फरक शून्याजवळ आला आणि त्याच वेळी घर्षण एकाएकी वाढले, तर गाडीला हिसका बसतो. कधी ती खडूसारखी थरथरते. फोर्ड कंपनीच्या जुन्या ‘टाइप एफ’ तेलात घर्षण असे शेवटी वाढे. त्या गिअरबॉक्सच्या चकत्या आणि स्प्रिंगा ते धरूनच आखलेल्या होत्या. डेक्स्रॉनमध्ये उलट योजना आहे. एका टोकाने पृष्ठभागाला चिकटणारे लांबट रेणू त्यात घालतात. ब्रशाच्या केसांसारखा त्यांचा थर उभा राहतो आणि चकत्या थांबत आल्या की घर्षण बेताचे ठेवतो. अर्थात हा थर फार प्रभावी झाला तर चकत्या धरणारच नाहीत, घसरतील, तापतील आणि जळतील. म्हणजे एकच तेल एका गिअरबॉक्सला औषध आणि दुसऱ्याला विष ठरू शकते.

असे रेणू पूर्वी मिळत कुठून, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. ते मिळत स्पर्म देवमाशाच्या तेलातून! हे तेल बहुतांशी मेणासारख्या एस्टरांचे बनलेले असते आणि उष्णतेत चांगले टिकते. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म देवमाशाचा समावेश धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत केला आणि त्या तेलाची आयात बंद झाली. रसायनशास्त्रज्ञांना घाईने पर्याय शोधावे लागले. सुरुवातीच्या एका पर्यायी तेलाने रेडिएटरमधील तेलनळ्यांचे सांधे गंजू लागले, म्हणून ते पुन्हा सुधारावे लागले. आपली गाडी नीट चालावी म्हणून देवमासा मारावा लागत होता, हे त्या काळी किती चालकांना ठाऊक असेल?

प्रती अजूनही बदलत आहेत. डेक्स्रॉन-३ चा परवाना जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केला. त्या जागी आलेले डेक्स्रॉन-६ अधिक पातळ आहे. १००° सेल्सिअसला डेक्स्रॉन-३ ची श्यानता सुमारे ७.५ सेंटिस्टोक असे, नव्याची सुमारे ६ असते. नवे तेल जुन्याच्या जागी चालते असे ती कंपनी सांगते खरे. पण तो शब्द तिच्या स्वतःच्या गिअरबॉक्सपुरता. जपानी गिअरबॉक्सच्या जुन्या, झिजलेल्या सीलांचा भरवसा त्यात नाही. डेक्स्रॉन-३ च्या मापाला उतरणारी तेले आजही बनतात. चेरोकीसाठी तेच घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ‘सर्व गाड्यांना चालणारे’ तेल जपून घ्यावे. वर पाहिलेल्या दोन उलट स्वभावांचे काम एकच द्रव कसे करील, हा प्रश्न आधी विचारावा.

तेल बदलायचे केव्हा? तापलेल्या तेलाचे ऑक्सिडीभवन होते, आणि तापमान साधारण १०° वाढले की त्याचा वेग दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. डोंगरात जड गाडी ओढणाऱ्या चेरोकीचे तेल म्हणूनच लवकर म्हातारे होते. टिपकागदावर एक थेंब टाकून पाहावे. स्वच्छ लाल डाग पसरला तर ठीक. तपकिरी, जळका वास येणारा आणि मध्ये काळे कण सोडणारा डाग वाईट. दुधाळ गुलाबी रंग सर्वांत वाईट. रेडिएटरमधले पाणी तेलात शिरल्याची ती खूण होय.

‘जुन्या गाडीचे तेल बदलले की गिअरबॉक्स मरतो’ असे पुष्कळ मेकॅनिक सांगतात. यात कार्यकारणाची गल्लत आहे. गिअर घसरू लागल्यावरच अनेकांना तेल आठवते. चकत्या तेव्हा आधीच संपलेल्या असतात. दोष मात्र नव्या तेलावर येतो.

बदलताना एक गणित आड येते. या गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे ८ लिटर तेल असते, पण खालचा बूच काढल्यावर जेमतेम निम्मे बाहेर पडते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकते. निम्मे धरले तर एका खेपेनंतर जुने तेल १/२ उरते, दोन खेपांनंतर १/४, तीन खेपांनंतर १/८. मधून काही दिवस गाडी चालवावी, म्हणजे नवेजुने मिसळते. तिसऱ्या खेपेला ८७.५ टक्के तेल नवे होते. चौथ्या खेपेत चार लिटर ओतून फायदा फक्त सव्वासहा टक्क्यांचा, म्हणून तिथे थांबावे. एका खेपेत खालचा टोप उतरवून जाळी आणि लोहचुंबक पुसून घ्यावेत. चुंबकावर करडी पूड असणारच. धातूचे तुकडे दिसले तर प्रश्न तेलाचा राहिला नाही. गाडी भक्कम आधारांवर टेकवल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये, आणि गरम तेल हात पोळते हेही ध्यानात ठेवावे.

जितके निघाले तितके मोजून भरावे, मग पातळी तपासावी. ती कमी असेल तर पंप हवा ओढतो. हवा दबते, त्यामुळे दाब पडतो आणि क्लच घसरतात. जास्त असेल तर फिरणारी चक्रे तेल घुसळून फेस करतात, म्हणजे पुन्हा हवाच! शिवाय तेल प्रसरण पावते. प्रसरणांक दर अंशाला ०.०००७ धरला तर ८ लिटर तेल ६०° तापल्यावर सुमारे ०.३४ लिटरने वाढते. म्हणून मोजपट्टीवर गार आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. सपाट जागी, गाडी चालवून तेल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, दांडा प्रत्येक गिअरमधून फिरवून ‘पार्क’मध्ये आणावा आणि मग पट्टी पाहावी. थोरल्या बहिणीच्या क्रायस्लर गिअरबॉक्सची पातळी मात्र ‘न्यूट्रल’मध्ये पाहतात, कारण ‘पार्क’मध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टरला तेल पोहोचत नाही.